सियागंजचा पुढचा मुनीम कुठे तयार होणार?

इंदूरमध्ये नोकऱ्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय निघाला, की सगळ्यांचे बोट सुपर कॉरिडॉरकडे जाते. टीसीएस आणि इन्फोसिसची आवारे तिथे आहेत. त्यात टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून ही भीती घराघरांत पोहोचली. कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीने सांगितले. पण भीती खुलासे वाचत नाही. या चर्चेत सियागंजचे नाव मात्र कुणी घेत नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊन १८७० च्या दशकात खांडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणवली. आज त्याच रेल्वेच्या स्थानकाजवळ किराण्याची ही घाऊक पेठ आहे. साखर, खोबऱ्याचा गोळा, हळद, साबुदाणा यांचे इथले भाव आणि गाड्यांची आवक इंदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. एआय आपल्या समाजाचे काय करणार आहे, हे संगणक कंपन्यांपेक्षा या पेठेत अधिक स्पष्ट दिसते असे मला वाटते, आणि जे दिसते ते नेहमीच्या भाकितांपेक्षा वेगळे आहे.

घाऊक पेठ दोन प्रकारच्या श्रमांवर चालते: पाठीच्या आणि वहीच्या. एक हम्मालाचा, दुसरा मुनिमाचा. यंत्र आले की आधी हम्माल जाईल आणि शिकलेला मुनीम टिकेल, असा आपला सहज समज असतो. यंत्रमानवाच्या अभ्यासकांना १९८० च्या दशकातच याच्या उलट अनुभव आला. हान्स मोरावेक या शास्त्रज्ञाच्या नावाने तो विरोधाभास ओळखला जातो. माणसाला अवघड वाटणारी गणिते आणि बुद्धिबळ यंत्राला तुलनेने सोपे जाते, पण वर्षाच्या मुलालाही जमणारे चालणे, पकडणे, तोल सावरणे त्याला फार कठीण पडते. पन्नास किलोचे पोते ट्रकच्या कडेवरून पाठीवर घ्यायचे, हातगाड्या आणि दुचाकी चुकवत गल्लीतून न्यायचे, गोदामातल्या थप्पीवर नेमके बसवायचे. ही कामगिरी करणारे आणि हमालीच्या दरात परवडणारे यंत्र आज बाजारात नाही. अॅमेझॉनच्या गोदामात यंत्रे धावतात ती तिथली जमीनच त्यांच्यासाठी आखलेली असते म्हणून. परिस्थिती बांधून देता आली की यंत्र झपाट्याने जिंकते, याचा दाखला इंदूरच्या डाळ गिरण्यांत आहे. सॉर्टेक्स यंत्रात डाळ उतरत्या पन्हाळीवरून पातळ थरात घसरते, कॅमेरा प्रत्येक दाणा टिपतो आणि डागाळलेल्या दाण्याला दाबलेल्या हवेचा फवारा क्षणार्धात बाजूला उडवतो. एकेकाळी डाळ निवडणाऱ्या हातांची जागा या यंत्राने घेतली. हम्मालाला खरा धोका यंत्रमानवाचा नाही, मालाची वाट बदलण्याचा आहे. कोणत्या वस्तीत उद्या किती साखर खपेल याचा अंदाज संगणक बांधू लागला आणि माल कंपनीच्या गोदामातून थेट दहा मिनिटांत घरपोच करणाऱ्या केंद्रांत गेला, तर पोते सियागंजात उतरतच नाही. पण हा बदल सावकाश होईल. वहीचे काम त्याच्या आधी जाईल.

ते का, हे समजायला संगणकाने आजवर काय केले ते नीट पाहावे लागते. १९८० च्या दशकात बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीने टप्प्याटप्प्याची वाट आखून दिली. पेढ्यांवर टॅलीसारखी हिशेबाची प्रणाली आली तेव्हा कीर्द-खतावणी लिहिणारे संपणार असे म्हटले गेले. प्रत्यक्षात हिशेबाची बेरीज यंत्राकडे गेली आणि यंत्राला माहिती पुरवण्याचे नवे काम माणसाकडे आले. जुना संगणक लहान मुलासारखा होता: घास नीट कालवून कुणीतरी भरवावा लागे. चुरगळलेली बिल्टी, दलालाची चिठ्ठी, फोनवरचा सौदा, व्यापाऱ्याने तोंडी सांगितलेली सूट या साऱ्याचे ठरलेल्या चौकटींत रूपांतर करायला माणूस लागायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झाले, १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, आणि दर वेळी हे भरवणे वाढत गेले. बी.कॉम. झालेल्या मुलाला टॅली येते का, हा प्रश्न घाऊक बाजारात नोकरीचा दरवाजा बनला. तंत्रज्ञान जितकी कामे मारते तितकी नवी देते, असे आपण म्हणतो तेव्हा त्या नव्या कामांतला मोठा हिस्सा इथला, यंत्राच्या तोंडाशी बसून करायचा असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

नव्या एआयने नेमके हेच तोंडाजवळचे काम उचलले आहे. अक्षर ओळखणारी जुनी प्रणाली एकेक अक्षर सुटे करून साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाही. छापील, स्वच्छ कागद असला तर जमे, हाताने खरडलेली चिठ्ठी आली की अडे. आजची प्रारूपे प्रचंड मजकूर आणि चित्रे यांच्यावर घडवलेली आहेत. ती अक्षरापाशी थांबत नाहीत, या संदर्भात इथे काय असण्याचा संभव जास्त आहे हे मोजतात. चिठ्ठीवर 'जि. २० क.' एवढेच असले आणि पाठवणारा जिऱ्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या उंझ्याचा असला, तर हे वीस कट्टे जिरे असणार, असा अंदाज ती बांधतात. मालकाने हिंदीत इंग्रजी मिसळून फोनमध्ये सांगितलेला सौदाही त्यांना नोंदीत उतरवता येतो. अंदाजच असल्यामुळे ती चुकतात, आणि ठामपणे चुकतात. म्हणून तपासणारा माणूस लागतोच. पण चार जण नोंदी भरत होते तिथे तपासायला एक जाणता पुरतो. तो जाणता राहील. त्याच्या हाताखाली नवा कोण घेतला जाईल, हा प्रश्न आहे.

याला पुरावा आहे, तो सध्या अमेरिकेतला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये वेतनाच्या नोंदींवरून दाखवले, की ज्या व्यवसायांत एआयचा शिरकाव सर्वाधिक आहे तिथे २२ ते २५ वयाच्या तरुणांचा रोजगार इतरांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटला, तर त्याच व्यवसायांतल्या अनुभवी लोकांचा टिकून राहिला किंवा वाढला. कुणी म्हणेल, याच ब्रिन्योल्फसनच्या २०२३ च्या अभ्यासात पाच हजारांवर ग्राहकसेवा कर्मचारी तपासले होते. एआयच्या मदतीने सरासरी कामगिरी १४ टक्के आणि नवख्यांची तर ३४ टक्के सुधारली. मग एआय नवख्यांचा मित्रच नाही का? आहे, पण जो आत आलेला आहे त्याचा. एक नवखा एक तृतीयांशाने जास्त काम करू लागला आणि एकूण काम तेवढेच राहिले, तर दुसऱ्याला आत घ्यायचे कारण उरत नाही. शिवाय त्या प्रणालीने नवख्यांना जे शिकवले ते मुरलेल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदवलेल्या संभाषणांतून काढलेले होते. सियागंजातले मुरलेपण कुठे नोंदवलेले आहे?

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून सुकेपणा ओळखणे, खोबऱ्यात ओल किती हे हाताने जाणणे, कोणत्या गावच्या दुकानदाराला सणाच्या तोंडावर किती उधारी द्यायची आणि कुणाची वसुली लग्नसराईपर्यंत येणार नाही हे कळणे, हे ज्ञान वहीत नसते. लिहून न ठेवलेले यंत्राला शिकता येत नाही, म्हणून पेठेचे हे काम सुरक्षित आहे, असे व्यापारी सांगतात. ते खरेही आहे. पण ते ज्ञान माणूसही पुस्तकातून शिकत नाही. नोंदी भरण्याच्या निमित्ताने पाच-सात वर्षे गादीशेजारी बसून ते कानावर पडते. आधी नोंदी करणारा पोरगा, मग मुनीम, मग स्वतंत्र दलाल किंवा छोटा व्यापारी, अशी ही चढण असते. एआय वरची पायरी काढत नाही, खालची काढते. मग वरच्या पायरीवर दहा वर्षांनी माणूस येणार कुठून? आज वाचलेला पगार उद्याच्या जाणत्या माणसाच्या खात्यातून काढलेला असतो, हे कोणत्याही पेढीच्या ताळेबंदात दिसत नाही.

या युक्तिवादावर दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला इतिहासाचा. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांनी दाखवले, की अमेरिकी शहरांत एटीएममुळे एका बँकशाखेतले रोखपाल १९८८ ते २००४ या काळात सरासरी २० वरून १३ वर आले, पण शाखा चालवणे स्वस्त झाल्याने शाखाच ४३ टक्क्यांनी वाढल्या आणि एकूण रोजगार टिकला. हे उदाहरण हमखास दिले जाते आणि अर्ध्यावर सोडले जाते. पुढे फोनवरची बँक आली तेव्हा रोखपालांची संख्या घसरू लागलीच. एटीएमने त्यांचे एक काम घेतले होते, फोनने शाखेत येण्याची गरजच घेतली. आणि दीर्घकाळात सगळे सावरते असे मानले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये उत्पादन वाढत असताना कामगारांचे वेतन कित्येक दशके जवळपास जागच्या जागी होते. त्या दशकांत एक पिढी जन्मून म्हातारी होते. दुसरा आक्षेप आपला, देशी: इथे माणूस स्वस्त आहे, यंत्र कोण घेणार? पोते उचलण्याबाबत तो बिनतोड आहे. नोंदीबाबत नाही, कारण प्रणालीची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही आणि ती व्यापाऱ्याच्या हातातल्या फोनवरच येते. जीएसटीने त्याचे कागद आधीच यंत्राला वाचता येतील असे करून ठेवले आहेत.

हा बदल गिरणी बंद पडण्यासारखा दिसणार नाही. इंदूरची हुकूमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ ला सुपूर्द झाले. एकतीस वर्षे ही लाजिरवाणी मुदत आहे. तरीही त्या कामगारांकडे बंद झाल्याची तारीख होती, हजेरीपट होता, संघटना होती, न्यायालयात दाखल करायला नाव होते. ज्या मुलाला पेढीवर घेतलेच नाही, त्याची यादी कोण करणार? त्याला कुणी काढले नाही, म्हणून नुकसानभरपाई नाही, मोर्चा नाही आणि बेरोजगारीच्या आकड्यातही तो नेमका या कारणाखाली मोजला जात नाही. असा मुलगा बहुधा पाठीवर पिशवी घेऊन घरपोच सेवेच्या दुचाकीवर दिसतो. तिथे कमाई लगेच होते, पण त्या कामाला वरची पायरी नाही.

महाराष्ट्राने अशा विखुरलेल्या बाजारासाठी एक उपाय अर्धशतकापूर्वी शोधला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाला एकच एक मालक नसतो, हे त्याने मान्य केले. मजुरी आणि तिच्यावरचा अधिभार मंडळाकडे भरायचा, आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार मंडळाने पाहायचे. त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत आणि त्यातल्या अनेक खऱ्या आहेत. पण छोट्या मालकांनी मिळून एका कामगाराची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना पक्की ठरली. ती आता शिकण्याला लावली पाहिजे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांनाच बंधनकारक आहे. सियागंजातली साधारण पेढी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. मात्र अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवार आळीपाळीने एकमेकांकडे पाठवावेत, अशी सोय त्याच कायद्यात आहे आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर वाणिज्य पदवीधरही त्यात बसतात. शिकवलेला पोरगा शेजारच्या पेढीत जातो, ही व्यापाऱ्याची जुनी तक्रार असते. आळीपाळीच्या पद्धतीत ती उरत नाही, कारण खर्च सगळ्यांचा आणि माणूसही सगळ्यांचा. सियागंजच्या व्यापारी संघटनांनी सरकारी योजनेची वाट न पाहता बी.कॉम.चे पुढचे निकाल लागताच पंचवीस-तीस मुलामुलींची एक तुकडी अशी घ्यावी, नोंदी खुशाल एआयकडून करून घ्याव्यात, आणि या मुलांना पहिल्या दिवसापासून मालापाशी आणि सौद्यापाशी बसवावे.