संशोधनाच्या अर्जाला तज्ज्ञांची मदत का लागते?

चिमूरच्या माझ्या दवाखान्यात सिकलसेल असलेल्या मुलाच्या आईने विचारले, "डॉक्टर, आपल्या भागात हा आजार इतका आहे, मग यावर इथेच संशोधन का होत नाही?"

संशोधनाला निधी लागतो आणि तो अर्ज तपासूनच मिळतो. काही वर्षांपूर्वी मी असा एक अर्ज एकट्यानेच लिहिला होता. आशाताईंनी दर आठवड्याला आठवण करून दिली, तर रुग्ण हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतील का, हा माझा प्रश्न होता. अर्ज परत आला. शेरा होता: "50 रुग्णच का? तुलना कोणाशी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रुग्ण तपासणे आणि अभ्यास आखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हा कळले.

तुलना कशासाठी?

शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि 1986 मध्ये 'सर्च' संस्था सुरू केली. तेथे 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. शिवाय 47 गावांतील बालमृत्यू तुलनेसाठी मोजले गेले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. फक्त 39 गावेच मोजली असती, तर "रस्ते झाले, दवाखाने वाढले, म्हणून मृत्यू घटले" असे कोणीही म्हटले असते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा-सात वेळा येतात, त्यामागे हे काम आहे.

मदत कोणाची घ्यावी?

- संख्याशास्त्रज्ञ: किती रुग्ण लागतील हे ठरवतात. रुग्ण कमी पडले तर फरक खरा की योगायोग, हे कळत नाही.
- अनुभवी संशोधक: वैद्यकीय महाविद्यालयाच्या समुदाय वैद्यकशास्त्र विभागात भेटतात. सिकलसेलसाठी आयसीएमआरचे केंद्र चंद्रपुरातच आहे.
- नैतिकता समिती: रुग्णाचे हित जपले जाते का, हे तपासते. तिच्या मंजुरीशिवाय अभ्यास सुरू करता येत नाही.
- हिशेबाची जाणकार व्यक्ती: प्रवास, तपासण्या, पगार यांचा खर्च नीट मांडते.

ही मदत अर्ज लिहायला बसतानाच घ्यावी. आराखड्यातील चूक नंतर दुरुस्त होत नाही. रुग्णांनी दिलेले रक्त आणि बुडवलेली मजुरी मात्र वाया जाते.

तुमच्याकडे कोणी अभ्यासासाठी आले तर विचारा:

- नैतिकता समितीची मंजुरी आहे का?
- निधी कोण देते?
- माझ्या रक्ताचे आणि माहितीचे काय होणार?
- निष्कर्ष आम्हाला सांगणार का?

संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत, मराठीत किंवा गोंडी-माडियात, समजावून घ्या आणि त्याची प्रत मागा. नाही म्हटल्याने किंवा मधेच बाहेर पडल्याने तुमचे उपचार थांबत नाहीत. तो तुमचा हक्क आहे.

त्या आईला मी आणखी एक सांगितले: मुलाला कळा कधी येतात, गोळ्या कधी चुकतात, ते वहीत लिहून ठेवा. उपचाराला त्याचा उपयोग आहेच, आणि पुढचा अर्ज लिहिताना नेमका प्रश्न कोणता, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळेल.