दोनशे वर्षांच्या कागदाचा भाव कोण ठरवतं?

किंमत कशी लावायची, हा तुमचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न. आज मी मुद्दाम लांबचा माल घेतोय. अमेरिकेत तिथल्या पहिल्या पिढीच्या नेत्यांची हाताने लिहिलेली पत्रं जमवणारे हौशी आहेत, आणि त्यांच्यावर पोट असलेले व्यापारीही आहेत. या मालावर एमआरपी छापलेली नसते.

तुम्ही म्हणाल, जितका मोठा माणूस तितका भाव. तसं नाही बरं का. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत आणि त्या सगळ्यांची एकेक सही जमवणं हे तिथलं जुनं वेड आहे. त्यात जॉर्जियाचा एक बटन ग्विनेट (हो, नाव बटनच!). सही केल्यावर वर्षाच्या आतच, १७७७ मध्ये, तो द्वंद्वयुद्धात जखमी होऊन वारला. त्याला अमेरिकेतही फारसं कोणी ओळखत नाही. पण त्याच्या सह्या जेमतेम पन्नासेक उरल्यात आणि संच पूर्ण करायला नेमका तोच अडतो. २०१० मध्ये त्याची एक सही ७,२२,५०० डॉलरला गेली. गिऱ्हाईक तिथे पैसे मोजतं ते संचातल्या रिकाम्या जागेसाठी.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचं उलटं. त्यांनी हजारो पत्रं लिहिली, त्यामुळे तिथे मजकुराला भाव. नवी राज्यघटना का मंजूर व्हावी, हे १७८७ मध्ये त्यांनी पुतण्याला लिहिलं होतं. ते पत्र २००९ मध्ये ३२ लाख डॉलरच्या वर गेलं. शिवाय हात कोणाचा, हेही बघतात. युद्धाच्या काळात त्यांची बरीच पत्रं मदतनीस लिहायचे, ते फक्त सही करायचे. मजकूर आणि सही दोन्ही त्यांच्याच हातची असेल तर भाव वेगळाच. म्हणून जाणकार गिऱ्हाईक कॅटलॉगमध्ये आधी हेच वाचतं.

जिथे पैसा तिथे नकली माल आलाच. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंग नावाच्या माणसाने वॉशिंग्टनच्या खोट्या सह्यांवर संसार चालवला. पुढच्या शतकात जोसेफ कोसीने फ्रँकलिन आणि लिंकनचे कागद बनवले. गंमत म्हणजे आज कोसीची नकलीच ‘अस्सल कोसी’ म्हणून जमवणारे आहेत!

पण माझ्या मते खरा धोका नकली मालाचा नाही, अस्सल मालाचा आहे. १७८० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने लाफायेतला ब्रिटिश सैन्याच्या हालचालींची खबर देणारं पत्र लिहिलं. ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अभिलेखागारात होतं. १९३७ ते १९४५ च्या दरम्यान तिथल्याच एका कर्मचाऱ्याने ते चोरलं. पुढे ते एका कुटुंबाच्या वडीलधाऱ्यांनी व्यापाऱ्याकडून रोख पैसे देऊन घेतलं. २०१८ मध्ये वारसांनी ते लिलावासाठी दिलं, तेव्हा चोरीचा माल असल्याचं उघड झालं. कोर्टकचेरी झाली. कुटुंबाने प्रामाणिकपणे विकत घेतलं होतं तरी २०२१ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. पत्र गेलं आणि हातात काही आलं नाही. सत्तर वर्षं सांभाळलेली चीज!

म्हणून तिथला चांगला व्यापारी कागदासोबत त्याचा प्रवास विकतो: कोणाकडून कोणाकडे गेला, कुठल्या लिलावात विकला गेला, पावती कुठे आहे. आणि माल खोटा किंवा चोरीचा निघाला तर पैसे परत, हे लेखी देतो. अशी हमी नसेल तर स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका.

आता तुमच्यातले काही जण आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद आठवत असतील. थांबा. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं. मग ते खासगी माणसाला परदेशात विकायला पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा देशात धंदा करायलाही परवाना लागतो. तेव्हा आधी मोडी वाचणाऱ्याकडून त्यात लिहिलंय काय, ते समजून घ्या.