चांदवड की पुणे : संगणक अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा विचार

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवड हे गाव रेणुकामातेचे मंदिर आणि होळकरांचा रंगमहाल यांसाठी ओळखले जाते. मात्र देवळा, मालेगाव, येवला, निफाड या परिसरातील पालकांच्या बोलण्यात ते आता अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीही येते. १९२८ साली स्थापन झालेल्या येथील श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेने २००४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली नसती, तर तालुक्याच्या गावी असे शिक्षण पोहोचणे कठीणच होते.

सीईटीचा निकाल लागला, की ‘कॅप’ या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना अनेक घरांत एकच पेच पडतो : पुण्यात मिळेल ती शाखा घ्यावी, की जवळच्या लहान खासगी महाविद्यालयात संगणक शाखा घ्यावी. विद्यार्थ्याला संगणकाची खरी ओढ असेल, तर दुसरा पर्याय कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. यंत्र अभियांत्रिकीला कार्यशाळा आणि महागडी यंत्रे लागतात, तर संगणक शाखेची बहुतेक साधने, म्हणजे लिनक्ससारखी कार्यप्रणाली, पायथॉनसारखी भाषा आणि माहितीसाठ्याच्या प्रणाली, कोठेही विनामूल्य मिळतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची ‘एनपीटेल’वरील व्याख्याने चांदवडच्या विद्यार्थ्यालाही तितकीच खुली आहेत. शिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय शहरातले असो वा गावातले, पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवतात, तरी पदवी विद्यापीठच देते.

खरा फरक प्रात्यक्षिकाच्या तासाला पडतो, आणि पालकांनी नेमके तेच पाहावे. लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवून केलेली माहितीची साखळी, हा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास येणारा विषय आहे. वरच्या वर्गाच्या जर्नलमधून त्याचा प्रोग्रॅम उतरवून काढला तरी तो चालतो आणि सहीही मिळते. पण शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाने ‘आता मधली नोंद काढून दाखव’ असे सांगितले, की आधीच्या नोंदीतला पत्ता बदलावा लागतो, हे न उमगलेला विद्यार्थी तेथेच अडतो आणि त्या अडण्यातूनच शिकतो. असे विचारायला शिक्षकाला वेळ हवा, तुकडी लहान हवी आणि तो शिक्षक वर्षभर टिकलेला हवा. शिक्षक दरवर्षी बदलत असतील आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाहेरून विकत आणला जात असेल, तर मोठी इमारत असूनही त्या चार वर्षांतून फारसे हाती लागत नाही. म्हणून कामकाजाच्या दिवशी जाऊन प्रयोगशाळा पाहावी आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. ती संख्या प्रत्यक्ष वर्गात दिसते का, हेही विचारावे. मानांकन पाहताना नॅक संपूर्ण संस्थेचे, तर एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करते, हे ध्यानात ठेवावे. संगणक शाखेला एनबीए आहे का, हा प्रश्न त्यामुळे वेगळा विचारावा लागतो.

लहान गावाची उणीव मात्र खरी आहे. हिंजवडीच्या कंपन्या पुण्यातल्या महाविद्यालयांना जवळच्या असतात, सोबतच्या मुलांची चुरस आणि शहरातली तांत्रिक वर्तुळे गावात सहज मिळत नाहीत. ही कसर इंटर्नशिप, ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धा आणि स्वतःचे काम खुलेपणाने मांडणे यांतूनच भरून काढावी लागते. प्लेसमेंटची यादी वाचतानाही उत्तीर्ण किती, नोकरी मिळालेले किती आणि ती नोकरी सॉफ्टवेअरची की ग्राहकसेवेची, हे वेगळे करून पाहावे, कारण सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा एकाच विद्यार्थ्याचा असू शकतो.

खर्चाचा हिशेब शेतकरी कुटुंबासाठी निर्णायक ठरतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, आणि २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च मात्र कोणतीही शुल्कमाफी भरून देत नाही, आणि एसटीच्या पासावर अप-डाऊन करणाऱ्या मुलीच्या घरी चार वर्षांत वाचणारी ती रक्कम कांद्याच्या एखाद्या पडत्या हंगामात शिक्षण मध्येच सुटू देत नाही.