रबरातून प्रोटॉन जाईल?

ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात दाखल झालेल्या केपीआयटी-सीएसआयआरच्या हायड्रोजन बससारख्या गाडीचा जीव फ्युएल सेलमधल्या एका पातळ पडद्यात असतो: त्याने प्रोटॉन सोडायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे. रूढ पडदा नाफिऑनचा; महागडा आणि फ्लोरीनयुक्त. मग दोडामार्गच्या बागांतला रबराचा चीक का नको? नुसता चालणार नाही. रबरबँडवर पाण्याचा थेंब मण्यासारखा बसून राहतो. निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या त्या साखळीत प्रोटॉनला पाय टेकायला जागाच नाही. पण तिच्यात इपॉक्सी गट बसवले की ऑक्सिजन येतो, सल्फॉनिक आम्लाचे गट जोडले की पाणी धरलं जातं, आणि प्रोटॉन हातोहात पुढे सरकणाऱ्या घागरीसारखा पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो. मूळ रबराची साखळी तर उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठेपर्यंत हलती, लवचीक राहते (इपॉक्सी वाढलं की हा गुण घटतो, हेही खरं), आणि साखळीची ही हालचाल वाहतुकीला पोषकच.

यावरचा आक्षेप रास्त आहे: रबरातले दुहेरी बंध सेलमधल्या मुक्त मूलकांपुढे टिकत नाहीत, वाहकतेतही नाफिऑनला गाठणं अवघड. म्हणून बसआधी सुपरकपॅसिटर, सेन्सर अशा सौम्य जागी रबर शोभेल, असं मला वाटतं. दुहेरी बंध हायड्रोजन जोडून बुजवता येतात. पण मग स्वस्ताईचा मुद्दाच पातळ होतो.