बॉट म्हणतो ‘लॉगिन झालं’, मग एडिट का होत नाही?

मागच्या भागात आपण विकिपीडियासाठी पायविकिबॉट इन्स्टॉल केला. त्यानंतर आलेल्या बहुतेक मेसेजचा सूर एकच होता: “पासवर्ड बरोबर आहे, तरी स्क्रिप्ट चालत नाही.” आजचा भाग त्यावरच. ऐकताना नोंदी घेता आल्या नसतील, तर हे लिखित रूप सेव्ह करून ठेवा.

आधी एक फरक पक्का करू. लॉगिन म्हणजे ‘तू कोण?’ आणि परवानगी म्हणजे ‘तुला हे करता येतं का?’ सोसायटीच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं म्हणजे गच्चीची किल्ली हातात आली, असं नसतं. एरर कुठल्या प्रश्नावर आलाय हे कळलं की अर्धं काम झालं.

पायरी 1: लॉगिनच होत नाही

स्क्रिप्टमध्ये आपल्या मुख्य खात्याचा पासवर्ड टाकायचा नाही. खात्यावर टू-फॅक्टर चालू असेल तर तो तसाही चालणार नाही. ‘बॉटपासवर्ड्स’ या विशेष पानावर जाऊन वेगळा पासवर्ड बनवा. तो 32 अक्षरांचा असतो आणि एकदाच दिसतो. हरवला तर रीसेट करायचा, दुसरा उपाय नाही.

इथे गोंधळ होतो तो नावाचा. थेट एपीआयला लॉगिन करताना नाव ‘खातं@बॉटचं नाव’ असं द्यायचं. पण पायविकिबॉटच्या युजर-कॉन्फिग फाइलमध्ये फक्त खात्याचं नाव. @ नंतरचा भाग आणि पासवर्ड वेगळ्या पासवर्ड फाइलमध्ये जातात. पासवर्ड बनवताना आयपीची मर्यादा घातली होती का, तेही बघा. घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर आलात की आयपी बदलतो आणि दार बंद.

आणि पुन्हापुन्हा तेच ट्राय करू नका. मीडियाविकीच्या मूळ सेटिंगमध्ये 5 मिनिटांत 5 प्रयत्नांची मर्यादा आहे. ती ओलांडली की बरोबर पासवर्डही थोडा वेळ चालत नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

पायरी 2: लॉगिन झालं, पण टिकलं नाही

‘बॅडटोकन’ हा एरर आला तर टोकन नीट बघा. तो फक्त +\ एवढाच असेल, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही लॉगिन केलेलेच नाही. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रत्येक विनंतीला नवं सेशन उघडणं. त्यामुळे कुकी मागेच राहतात. लॉगिन, टोकन आणि एडिट एकाच सेशनमधून जायला हवं. पायविकिबॉटमध्ये जुनी कुकी असलेली डॉट एलडब्ल्यूपी फाइल काढून पुन्हा लॉगिन करा.

एडिटच्या विनंतीत ‘असर्ट’ हा पॅरामीटर जरूर घाला. मध्येच लॉगिन सुटलं तर बॉट थांबतो, नाहीतर पुढची एडिट्स तुमच्या खात्याबाहेरून जात राहतात.

पायरी 3: तुम्ही कोण ते कळलं, पण ‘नाही’ म्हणतात

‘परमिशनडिनाइड’ आला की सगळे खात्याचे हक्क तपासतात. पण बॉट पासवर्डला स्वतःचे परवाने असतात. काम तेव्हाच होतं, जेव्हा हक्क खात्याकडेही असतो आणि परवान्यातही. खातं प्रचालकाचं असलं, तरी परवान्यात फक्त ‘असलेली पानं संपादित करणं’ टिक केलं असेल, तर नवं पान बनणार नाही.

सगळ्यात फसवा प्रकार पुढचा. खात्याला बॉट फ्लॅग मिळालाय, एररही नाही, तरी एडिट्स ‘अलीकडील बदल’ मध्ये धो धो दिसतायत. मोठ्या प्रमाणावर संपादन करण्याचा परवाना टिक केलाय का बघा. बॉटचा हक्क त्यातूनच पुढे जातो. थेट एपीआय वापरत असाल तर एडिटच्या विनंतीत ‘बॉट’ पॅरामीटरही लागतो. शिवाय फ्लॅग सहसा त्या-त्या विकीपुरता असतो. मराठी विकिपीडियावर मिळाला म्हणून विकिस्रोतावर चालेल असं नाही, लॉगिन मात्र दोन्हीकडे होतं.

अंदाज बांधण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारा. एपीआयमध्ये ‘युजरइन्फो’ मागवा आणि त्यात राइट्स, ग्रुप्स, ब्लॉकइन्फो घ्या. त्या क्षणी, त्या सेशनला प्रत्यक्ष काय करता येतं ते समोर येतं. मी कुठलीही स्क्रिप्ट तपासताना पहिली विनंती हीच पाठवतो.

पायरी 4: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही

एरर ‘ब्लॉक्ड’ असेल तर लगेच मनाला लावून घेऊ नका. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचे आयपी बऱ्याचदा गटानेच ब्लॉक केलेले असतात. विकिमीडियाची स्वतःची टूलफोर्ज ही सोय अशाच स्क्रिप्ट्ससाठी आहे.

शेवटचं, पण महत्त्वाचं

वैतागून सगळ्या परवान्यांवर टिक करायचा मोह होतो. एरर जातोही. पण तो पासवर्ड उद्या चुकून गिटहबवर गेला, तर सापडणाऱ्याच्या हाती तुमच्या खात्याचे जवळजवळ सगळे हक्क जातात. बॉट तासाभरात शेकडो पानं बदलू शकतो, आणि ती निस्तरायला रात्री जागतात ते विकीवरचे मूठभर स्वयंसेवक. म्हणून लागतील तेवढेच परवाने द्या, आधी ‘सिम्युलेट’ पर्यायाने चालवून बघा, मग टेस्ट विकिपीडियावर, आणि मगच खऱ्या पानांवर.

अजूनही अडलात तर एररचा पूर्ण मजकूर पाठवा. फक्त पासवर्ड पुसून, बरं का! भेटू पुढच्या भागात.