तारेच्या कुंपणासाठी परिमिती मोजा

बोर जंगलालगत सेलू तालुक्यात रोही व रानडुकरांपासून पीक राखायला तारेचे कुंपण घालतात. तारेचा अंदाज मात्र सातबारावरील क्षेत्रावरून बांधू नका. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. बियाणे, खत त्यावर ठरते. तार ठरते परिमितीवर, म्हणजे लांबी-रुंदीच्या बेरजेच्या दुपटीवर.

एक हेक्टर शेत १०० × १०० मीटर चौरस असल्यास परिमिती ४०० मीटर. तेवढेच शेत ४०० × २५ मीटरचा पट्टा असल्यास ८५० मीटर! पाच पदरी कुंपणास अनुक्रमे २,००० व ४,२५० मीटर तार लागेल.

वाटणीत रस्ता प्रत्येकाला मिळावा म्हणून पट्टेच पडतात. २०० × २०० मीटर शेताचे चार भावांत ५० मीटर रुंदीचे पट्टे झाले आणि प्रत्येकाने वेगळे कुंपण घातले, तर ४ × ५०० = २,००० मीटर. मधल्या तीन धुऱ्यांवर सामाईक कुंपण ठेवल्यास १,४०० मीटर. चौघांनी मिळून फक्त बाहेरून घातल्यास ८०० मीटर, म्हणजे वाट्याला २०० मीटर. भावकीत एवढे तरी जमावे.

शेत काटकोनी नसेल तर सूत्र बाजूला ठेवून धुऱ्याधुऱ्याने टेप फिरवावा व बेरीज करावी. फाटकाची जागा वजा करावी. काटेरी तार वजनावर मिळते. एका किलोत किती मीटर बसते, हे दुकानात आधी विचारावे.