डास तोच, मग ताप का नाही?

हिवताप ॲनॉफिलिस डासाच्या मादीमुळे पसरतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातले डॉक्टरही हेच सांगत होते. पण त्यांची एक पंचाईत झाली होती. काही गावांत या डासांचा नुसता सुळसुळाट, आणि हिवतापाचा रोगी मात्र औषधालाही सापडेना! दुसऱ्या गावांत तेच डास आणि घरोघरी माणसं कुडकुडत पडलेली. भिंगाखाली पंख पाहिले, पाय पाहिले. सगळं सारखंच. डासांचं नावही एकच, ॲनॉफिलिस मॅक्युलिपेनिस.

मग इटलीतल्या फालेरोनी नावाच्या आरोग्य निरीक्षकांनी डास ठेवले बाजूला आणि त्यांची अंडी पाहिली. रक्त पिऊन टम्म झालेली एकेक मादी वेगळी ठेवायची, तिने पाण्यावर अंडी घातली की ती निरखायची. अंडं केवढं? जेमतेम अर्धा मिलिमीटर! आकार होडीसारखा. बहुतेकांच्या दोन्ही बाजूंना तरंगण्यासाठी हवेचे फुगीर कप्पे. आणि वर चक्क नक्षी! कुणाच्या अंड्यांवर आडवे गडद पट्टे, कुणाच्या अंड्यांवर ठिपक्यांची दाटी, तर कुणाची नुसतीच राखाडी. एका मादीची सगळी अंडी मात्र एकाच नक्षीची. सरमिसळ नाहीच!

म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळे डास लपले होते. १९२६ मध्ये फालेरोनींनी त्यातल्या दोघांना नावं दिली, मेसी आणि लाब्रांकी. पुढे हॅकेट आणि मिसिरोली या शास्त्रज्ञांनी कोणत्या गावात कोणती अंडी मिळतात ते तपासलं आणि कोडं सुटलं. मेसीला गाईगुरांचं रक्त प्यारं. गोठ्यात पोट भरल्यावर तो माणसांच्या वाटेला फारसा जातच नाही. लाब्रांकी मात्र माणसांना कडकडून चावतो.

आपल्याकडच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफॅसीस तर याहून बेरकी. तोही एकटा नाही, पाच जातींचा गट आहे. त्या ओळखायला शास्त्रज्ञ मादीच्या अंडाशयातल्या पेशी काढून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या गुणसूत्रांवरचे पट्टे जुळवत बसतात. यातली एक जात बहुतेक गुरांनाच चावते, म्हणून हिवताप पसरवण्यात ती अगदीच कच्ची. एवढा खटाटोप करून शोधलेल्या या पाच जातींची नावं काय, माहितीय? ए, बी, सी, डी आणि ई! इथे मात्र शास्त्रज्ञांनी चक्क आळस केला, असं माझं मत आहे.